कंट्रोलचे गहू

“कंट्रोलला हात लावायचा नाही,” मुळावकर सर म्हणाले. “चाळायचा नाही, निवडायचा नाही, ऊन द्यायचं नाही. कंट्रोल जसा असेल तसा. बाकी काही चुकलं तर मी सांभाळून घेईन. कंट्रोल बिघडला की संशोधन संपलं, आपापल्या घरी जायचं.”

द्वारकाने मान डोलावली. मीही डोलावली. आम्ही दोघी एकाच वाक्याला, एकाच वेळी मान डोलावत होतो, म्हणून सरांना वाटलं की आम्हाला एकच गोष्ट समजली. सरांचा काही दोष नाही, मलाही तसंच वाटलं होतं.

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात बी.एस्सी. करत होते आणि उन्हाळी संशोधन योजनेसाठी अर्ज करताना मोठ्या हौसेने बंगलोर, हैदराबाद अशी नावं घातली होती. योजनेवाल्यांनी माझी रवानगी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शेती कॉलेजच्या धान्य साठवण प्रयोगशाळेत केली. प्रयोगशाळा म्हणजे दगडी भिंतींची एक जुनी खोली. दोन बाजूंना फळ्या, फळ्यांवर काचेच्या बरण्या, बरण्यांत गहू आणि गव्हात सोंडे. गव्हाच्या डब्यात हात घातला की मनगटावर चढणारा, पुढे बारीकशी सोंड असलेला काळपट किडा, तोच. माझ्या आईने ज्याला जन्मभर चाळून बाहेर फेकलं, त्याला मी एसटीने रात्रभर प्रवास करून भेटायला आले होते.

मुळावकर सरांचा विषय होता वेखंड. वेखंडाची पूड गव्हाला चोळली तर कीड लागत नाही, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. आधीच्या उन्हाळ्यात प्रयोग झाला, तेव्हा सोंडे वेखंडात आनंदाने राहिले. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातही राहिले. सरांनी पूड बदलली, मात्रा वाढवली आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली. या खेपेला मात्र घाई होती. कॉलेजात कॉम्प्युटर येणार होते, कॉम्प्युटरला थंड खोली लागते असं प्राचार्य कोलत्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि अख्ख्या कॉलेजात थंड खोली ही एकच होती. मी पोचले त्याच आठवड्यात प्राचार्य टेप घेऊन आले आणि आमच्या डोक्यावरून खोली मोजून गेले.

जाताना त्यांनी एका बरणीवर टिचकी मारली. आतले सोंडे पाय आखडून उताणे झाले.

“मेले की सगळे!” प्राचार्य म्हणाले. “मग निकाल आलाच म्हणायचा.”

“सोंग आहे साहेब,” सर म्हणाले. “धक्का बसला की ते मेल्याचं सोंग घेतात. थोडं थांबा, चालायला लागतील.”

प्राचार्यांना थांबायला वेळ नव्हता. ते गेल्यावर सोंडे चालायला लागले.

या सगळ्यात माझं काहीच अडकलेलं नव्हतं. निकाल येवो न येवो, मी प्रमाणपत्र घेऊन पुण्याला परत जाणार होते. अडकलं होतं ते द्वारकाचं. द्वारका टोम्पे त्याच कॉलेजची, जवळच्याच एका खेड्यातली. पाठीवर लांब वेणी, बोलणं मोजकं, आणि एखादी गोष्ट करायची म्हटली की ती होईपर्यंत खाली न बसणारी. या उन्हाळ्यात निकाल आला तर खोली राहणार, खोली राहिली तर सरांना एम.एस्सी.ला एक विद्यार्थी घेता येणार, आणि तो विद्यार्थी म्हणजे द्वारका, असं सरांनी तिला सांगून ठेवलं होतं. नाहीतर तिच्या मामांनी गावच्या अंगणवाडीत तिच्यासाठी शब्द टाकला होता. “पोरं सांभाळायला माझी ना न्हाई,” ती म्हणायची, “पण मला हे किडे जास्त कळतात.”

सरांनी कामाची वाटणी केली. पुडीचे हात कंट्रोलला, म्हणजे बिनपुडीच्या बरण्यांना, लागता कामा नयेत, म्हणून पूड माझ्याकडे आणि कंट्रोल द्वारकाकडे. माझ्या बरण्या उजव्या फळीवर, तिच्या डाव्या. मी तिच्या फळीकडे फिरकायचं नाही आणि तिने माझ्या. कॉलेजच्या शेतातले, उन्हात वाळवून, चाळून ठेवलेले गहू सरांनी स्वतः आणून ठेवले.

“हे ट्रीटमेंटचे गहू,” ते म्हणाले. “कंट्रोलचे गहूही तेवढेच लागतील. द्वारका, ते तू बघ.”

“बघते सर,” द्वारका म्हणाली. सर प्राचार्यांकडे खोलीबद्दल भांडायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या बरण्या भरून झाल्या तरी तिची फळी रिकामीच होती.

“कंट्रोल झाला नाही का अजून?” मी विचारलं.

“अजून उघडलंच न्हाई.”

मला वाटलं, पोतं. “मग उघड की.”

“मी कशी उघडू? कंट्रोलवाला आला की उघडंल.”

मला हसू आलं. दिवसभर कंट्रोल, कंट्रोल करत असतात म्हणून सरांना तिने हे नाव ठेवलं असणार. नाव इतकं चपखल होतं की मीही मनातल्या मनात सरांना कंट्रोलवाला म्हणू लागले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती घामाघूम होऊन आली. “लय गर्दी कंट्रोलला. आणि कंट्रोलवाला असा खवळलाय!”

“कशावरून?”

“काही न्हाई, त्याची सवयच हाय ती. बायामाणसांवर वसकन ओरडतो.”

सर मला तरी तसे वाटले नव्हते. पण प्राचार्यांशी भांडण झालेलं मला माहीत होतं, तो राग कुणावर तरी निघाला असेल. द्वारका सरांचा उल्लेख एकेरीत करते याचं मात्र मला नवल वाटलं. इकडे पद्धत असेल तशी, म्हणून मी सोडून दिलं.

संध्याकाळपर्यंत तिची फळी भरली. मी लांबूनच पाहिलं. बरणीत गहू दिसत होते. गव्हाकडे बघून कुणाला काही शंका येण्याचं कारण नव्हतं. आम्ही दोघींनी आपापल्या बरण्यांत मोजून सोंडे सोडले, वरून मलमलीचं फडकं बांधलं, आणि उन्हाळा सुरू झाला.

त्या उन्हाळ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी बरण्या बघायच्या, ठरलेल्या दिवशी त्यांतले किडे मोजायचे. सोंडे मोजणं म्हणजे संयमाचं काम. चिमट्याचा धक्का लागला की तो उताणा होतो, आणि तो खरा मेलाय की नाटक करतोय हे कळेपर्यंत आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. दुपारी होस्टेलवर जेवण. सुट्टीमुळे होस्टेल ओस होतं. मेसमध्ये आम्ही दोघी आणि स्वयंपाक करणाऱ्या सोजरमावशी. मेसची पोळी सुरुवातीला बरी होती, पुढे तिला वेखंडाचा वास यायला लागला. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा. दिवसभर पूड हाताळत असल्यामुळे वास माझ्या हातालाच आहे असं समजून मी साबण बदलला. साबण बदलूनही पोळी तशीच लागली, तेव्हा मी नशिबाला बोल लावला आणि भात वाढवला.

जून तोंडावर आला आणि निकाल आला.

माझ्या फळीवर सोंडे मरगळले होते. बरेच मेले होते, सोंग नव्हे, खरेच. पिल्लावळ जवळजवळ नव्हती. आणि डाव्या फळीवर, कंट्रोलच्या बरण्यांत, गव्हाचं पीठ झालं होतं. बरणीला कान लावला तर आतून कुरकुर ऐकू यायची. सर एका फळीकडून दुसऱ्या फळीकडे जात, परत येत. दोन उन्हाळे ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि त्यांना हसायचं कसं ते आठवत नव्हतं.

“उत्तम,” शेवटी ते म्हणाले. “कंट्रोल उत्तम आहे.”

त्यांनी जाऊन प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्यांनी विद्यापीठाला कळवलं. विद्यापीठातून देवसरकर साहेब समिती घेऊन निकाल बघायला यायचे ठरले. देवसरकर म्हणजे निवृत्त झालेले, पण अजून सगळे ज्यांना भिऊन असत असे गृहस्थ. ते हो म्हणाले की खोली सरांची. द्वारकाने घरी निरोप धाडला की अंगणवाडीचं राहू द्या.

समिती यायच्या आदल्या दुपारी सरांनी आम्हाला दोन्ही फळ्यांवरची एकेक बरणी पाहुण्यांसाठी निवडून ठेवायला सांगितलं. काम संपलं होतं, तेव्हा आता हात लागले तरी चालणार होते. डाव्या फळीवरची बरणी मी पहिल्यांदाच हातात घेतली. आत पिठात तांबूस, चपट्या अंगाचे बारीक भुंगे फिरत होते.

“द्वारका, हे काय? आपण तर फक्त सोंडे सोडले होते.”

“ते असतातच.”

“कुठे असतात? माझ्या बरणीत एकही नाही.”

“तुझ्या कसे असतील? तुझे शेतातले गहू. हे कंट्रोलच्या गव्हात असतात. आई चाळून काढती.”

मी बरणी हलवली. तळाशी खडे होते. एक सुतळीचा तुकडाही होता.

“तुझी आई कंट्रोलचे गहू कशाला चाळेल?” मी विचारलं.

“मग न चाळता कसे खायचे?”

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे.

“हे गहू तू कुठून आणलेस?”

“कंट्रोलमधून.” मग मी ठार बहिरी आहे असं समजून तिने सावकाश सांगितलं. “कंट्रोल. दुकान. बाजारात, मारुतीच्या मागं. सोजरमावशीच्या कार्डावर आणले. साखर मिळती तिथं, रॉकेल मिळतं.”

आमच्या घरी त्याला रेशन म्हणत. रेशनचं दुकान. त्याला कुणी कंट्रोल म्हणत असेल हे माझ्या गावीही नव्हतं. आणि द्वारकाने तिच्या पुस्तकातला ‘नियंत्रित गट’ पाठ केला होता. नियंत्रित गट आणि कंट्रोल ही एकच वस्तू आहे असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मी तिला सांगितलं. पूड लावायची नाही एवढाच फरक ठेवायचा असतो, गहू मात्र तेच, त्याच पोत्यातले. तिने सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण ती स्टुलावर बसली. काम पुरं झाल्याशिवाय ती बसलेली मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच पाहिली.

“म्हणजे कंट्रोलवाला म्हणजे सर नव्हेत?” मला काहीतरी बोलायचं होतं म्हणून मी विचारलं.

“सर?” ती उसळली. “सरांना मी अरेतुरे करीन होय? वेड लागलं का तुला?”

मग म्हणाली, “मला वाटलं, सर आमच्यासारख्यांचा विचार करायलेत. लोक कंट्रोलचे गहू खातात, त्याला कीड लागती. आणि आपण बघायलो, सरांचे पूड लावलेले गहू त्याच्यापरीस किती चांगले राहतात. मला लय बरं वाटलं होतं. म्हटलं, कुणीतरी बघायलंय आमच्या गव्हाकडं.”

मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर सरांचीही आली. मग माझं पुणेरी डोकं चालू लागलं.

“हे बघ,” मी म्हणाले, “बरणीवर कंट्रोल लिहिलंय. आत गहू आहेत. पूड लावलेली नाही. खडे आणि सुतळी मी काढून टाकते. उद्या समिती येईल, बघेल, चहा पिईल आणि जाईल. तुझी एम.एस्सी. होईल. वेखंड माझ्या बरण्यांत चाललंच आहे ना? मग?”

“चाललंय का?”

“म्हणजे?”

“चाललंय कशावरून? तुझे गहू वाळवलेले, चाळलेले. पूड न लावता बी बरे राहिले असते कदाचित. कुणाला माहीत?”

हे खरं होतं. मी खरं नसल्यासारखा चेहरा केला. “कुणी विचारणार नाही, द्वारका.”

“आमचा कंट्रोलवाला मापात मारतो,” ती म्हणाली. “काट्याखाली काहीतरी लावतो, आम्हाला दिसतं. कुणी विचारत न्हाई त्याला. पण घरी आल्यावर आई त्याला काय म्हणती, ते तुला सांगू?”

“नको.”

“मग ऊठ,” ती म्हणाली. “सर जायच्या आत गाठू.”

सर त्यांच्या टेबलाशी उद्याच्या भाषणाची तयारी करत होते. द्वारकाने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दुकान, मारुती, मावशीचं कार्ड, काही वगळलं नाही. सरांनी पेनचं टोपण लावलं. ते इतका वेळ गप्प बसले की मला बरणीतला सोंड्या आठवला. धक्का बसला आहे हे दिसत होतं, पुढचं कळायला थांबणं भाग होतं.

“चाळले होते का?” शेवटी त्यांनी विचारलं.

“न्हाई सर. तुम्हीच म्हणाला होता, कंट्रोल जसा असेल तसा.”

“बरोबर,” सर म्हणाले. “तसं मी म्हणालो होतो.” आणि थोड्या वेळाने, “तुम्ही जेवून घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती आली. तीन माणसं होती, पण दोन नुसतीच होती. देवसरकर साहेब वयस्क, धोतर-कोट घातलेले, हातात काठी. प्राचार्य कोलते त्यांच्या मागे, आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून. द्वारका तिची चांगली साडी नेसली होती. मला ते बघवेना.

सर उभे राहिले. त्यांनी भाषणाचा कागद खिशात घातला.

“या वर्षी निकाल नाही,” ते म्हणाले.

प्राचार्यांनी डाव्या फळीकडे पाहिलं, उजव्या फळीकडे पाहिलं. “नाही कसा? हा काय, दिसतोय की!”

“सोंग आहे साहेब,” सर म्हणाले. “कंट्रोल बिघडला. चूक माझी. मी एक शब्द वापरला आणि त्याचा अर्थ सांगितला नाही.”

“कुठला शब्द?” देवसरकरांनी विचारलं.

“कंट्रोल.”

“त्याचा काय अर्थ सांगायचा?”

मग सरांनी सांगितलं. द्वारकाचं नाव कुठेही घेतलं नाही. ‘माझ्याकडून कंट्रोलसाठी कंट्रोलचे गहू भरले गेले’ असं ते म्हणाले. हे वाक्य त्यांना दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं तेव्हा समितीतले दोघे खदखदून हसले. प्राचार्यही हसले आणि हसता हसता त्यांचा हात खिशातल्या टेपकडे गेला. द्वारका समोर बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

देवसरकर हसले नाहीत. ते काठी टेकत डाव्या फळीपाशी गेले, एक बरणी उचलून उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

“हे रेशनचे गहू? लोकांना मिळतात ते?”

“हो.”

“मुळावकर, तुम्ही तीन वर्षं शेतातल्या निवडक गव्हाला वेखंड लावताय. ह्या गव्हाला लावून पाहिलंत का कधी?”

“नाही.”

“का?”

सर प्रामाणिक माणूस. “सुचलं नाही,” ते म्हणाले.

“लावलंय सर,” द्वारका म्हणाली.

सगळे वळले. मीही वळले.

“कुठे?” सरांनी विचारलं.

“मेसच्या डब्यात. कार्ड मावशीचं होतं. मी बरण्यांपुरते गहू घेतले, राहिलेले त्यांच्या डब्यात भरले. त्यांचे गहू आपण घेतले म्हणून... म्हटलं, कीड तरी लागू नये. बरण्या बांधून झाल्यावर हिच्या खलात पूड राहिली होती, ती चोळली.”

माझ्या डोळ्यांसमोरून महिनाभराच्या पोळ्या गेल्या. मला माझा नवा साबण आठवला.

“त्याच पोत्यातले?” देवसरकरांनी विचारलं.

“त्याच पोत्यातले, त्याच दिवशीचे.”

“मग सर,” मी म्हणाले, आणि मी बोलतेय याचं मलाच आश्चर्य वाटलं, “या फळीवरच्या बरण्या माझ्या बरण्यांचा कंट्रोल नसतील. पण त्या डब्याचा आहेत.”

देवसरकरांनी काठी दाराकडे वळवली आणि अख्खी समिती मेसच्या दिशेने निघाली. उन्हात, एकामागे एक. सर्वांत शेवटी प्राचार्य, कारण त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं.

सोजरमावशी पोळ्या लाटत होत्या. एवढी माणसं बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “काय वं? काय झालं?”

“गव्हाचा डबा दाखवा,” देवसरकर म्हणाले.

“म्या काय चोरलं न्हाई.”

“नाही हो बाई. कीड बघायचीय.”

“कीड न्हाई लागली,” मावशी म्हणाल्या. “यंदा कीडच न्हाई. पर पोरी जेवंनात.” त्यांनी डब्याचं झाकण काढलं. डबा निम्म्याहून खाली गेला होता. सर गुडघ्यावर बसले, हात कोपरापर्यंत आत घातला आणि तळापासून मूठ भरून वर काढली. गहू, खडे, सुतळी. एखाददुसरा मेलेला सोंड्या. सरांनी त्याला बोटाने ढकललं आणि वाट पाहिली. आम्हीही पाहिली. तो हलला नाही.

सरांचा चेहरा मी बघत होते. आदल्या आठवड्यात त्यांना हसायचं कसं ते आठवत नव्हतं. आता आठवलं.

“पोरी जेवत का नाहीत?” देवसरकरांनी विचारलं.

मावशींनी तव्यावरची पोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. देवसरकरांनी तुकडा मोडून तोंडात घातला. समितीतल्या दोघांनीही घेतला, प्राचार्यांनीही. सगळे उभ्या उभ्या चावत राहिले. कुणी गिळण्याची घाई केली नाही.

“चाळून, धुऊन दळता का?” सरांनी हळूच विचारलं.

“चाळलं तर पीठ किती उरंल?” मावशी म्हणाल्या. “तसंच नेते गिरणीला.”

“किडा शहाणा आहे, मुळावकर,” देवसरकर अखेर म्हणाले. “मी पण या डब्यात राहिलो नसतो.” मग त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “एका डब्यावरून संशोधन होत नाही, त्यात सोंडेही कुणी मोजून सोडले नव्हते. याचा निकाल म्हणून मी काही लिहू शकत नाही.”

“कळतं मला,” सर म्हणाले.

ते दोघे बोलत बोलत पुढे निघून गेले. प्राचार्य टेप काढून दगडी खोलीकडे गेले, खिडकीचं माप राहिलं होतं.

द्वारका मेसच्या ओट्यावर बसली. तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडली. मी तिच्या शेजारी बसले. काल मी तिला गप्प राहायला सांगितलं होतं आणि तिने माझं ऐकलं असतं तर आज ती हसत असती, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तरी तिने ऐकलं नाही याचा मला मनापासून आनंद झाला होता. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं ते मला अजून कळलेलं नाही. मावशींनी मधे येऊन तिच्यासमोर गूळ-पाणी ठेवलं आणि काही न विचारता परत लाटायला लागल्या.

“मामांना पुन्हा निरोप धाडावा लागंल,” द्वारका म्हणाली. “अंगणवाडीचं बघा म्हणून.”

पाहुण्यांची जीप गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने सर आले. आम्ही उठून उभ्या राहिलो. त्यांनी बसा म्हटलं नाही, बहुतेक विसरले.

“खोली गेली,” ते म्हणाले.

“होय सर,” द्वारका म्हणाली.

“मागच्या व्हरांड्यात फळ्या लावून घ्याव्या लागतील. तिथे ऊन येतं. पण लोकांच्या घरातही येतंच.” सर चष्मा पुसत होते. “पूड चोळायची नाही. फडक्यात पुरचुंडी बांधून डब्यात ठेवून बघू, म्हणजे पोळी खाता येईल. दोन वर्षं लागतील. देवसरकर म्हणाले, याचं संशोधन झालं नसलं तरी संशोधनाला विषय चांगला आहे. विद्यार्थी ठेवायला त्यांची हरकत नाही.”

द्वारकाला कळलं होतं की नाही कोण जाणे. ती तशीच उभी होती, पदर हातात धरून. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि जायला वळले. दोन पावलं जाऊन थांबले.

“कॉलेज उघडेल तेव्हा येताना घरचं रेशनकार्ड मागून आण,” ते म्हणाले. “दर वेळी मावशींचं नको. आपल्याला कंट्रोल लागेल.”

“कुठला कंट्रोल, सर?”

“दोन्ही,” सर म्हणाले.